यशया ९:१ की ९:२? बायबलच्या वचनांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमची प्रोटेस्टंट मंडळी आणि शेजारच्या कॅथलिक धर्मग्रामातली मुले मिळून कार्यक्रम करत होती. वाचनाची चिठ्ठी त्यांच्याकडून आली होती आणि तिच्यावर लिहिले होते, ‘यशया ९:१–६’. पडद्यावरच्या ओळी मी त्यांनीच पाठवलेल्या मजकुरावरून तयार केल्या होत्या. वाचायला उभी राहिली आमच्या मंडळीतली अकरावीतली मुलगी, हातात घरचे मराठी बायबल. चिठ्ठीत ९:१ म्हणून तिने ९:१ उघडले आणि जबुलून, नफताली, गालील असे वाचायला लागली. पडद्यावर मात्र होते, ‘अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे’. तिने एकदा पुस्तकाकडे पाहिले, एकदा पडद्याकडे, आणि तिचा आवाज बारीक झाला. सहाव्या वचनाला ती थांबली, कारण चिठ्ठीत सहाच होते. दाविदाच्या सिंहासनाचे सातवे वचन राहूनच गेले. खाली येऊन बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते.

तिचे काहीच चुकले नव्हते. चिठ्ठी बरोबर होती आणि बायबलही बरोबर होते. दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या रीतीने मोजलेले होते, एवढेच. शास्त्रपाठाची यादी आणि पडद्यावरची वचने हे काम मी गेली काही वर्षे करते आहे, आणि वर्षातून तीन-चारदा तरी ही अडचण कुठून ना कुठून येतेच. कधी ‘आमच्या बायबलमध्ये हे वचनच नाही’ असा फोन येतो, कधी ‘छपाईची चूक आहे का’ असा प्रश्न, कधी ‘वचने काढून टाकली’ अशी घाबरवणारी फॉरवर्ड. म्हणून एकदा सगळे नीट लिहून ठेवते आहे.

आधी हे करून पाहा

आकडा जुळत नसला की पहिल्यांदा आकडा विसरा आणि शब्द शोधा. ज्याने संदर्भ दिला त्याला विचारा, ‘वाचन कोणत्या शब्दांनी सुरू होते?’ ते शब्द तुमच्या बायबलमध्ये बहुधा एक-दोन वचने मागे-पुढे, नाहीतर शेजारच्या अध्यायाच्या कडेला सापडतात. फरक मुख्यतः अध्यायाच्या सुरुवातीला किंवा शेवटाला पडतो, म्हणून मागच्या अध्यायाची शेवटची चार-पाच वचने पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

दुसरी खूण याहून पक्की आहे. दोन्ही बायबलांमध्ये त्या अध्यायाचे शेवटचे वचन कितवे, ते पाहा. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये यशयाच्या ९ व्या अध्यायात २१ वचने आहेत; हिब्रू मोजणीत, म्हणजे मूळ हिब्रू बायबलच्या आकड्यांत (कॅथलिक यादीही बहुधा तेच धरते), २०. उलट ८ व्या अध्यायात आपल्याकडे २२, तिकडे २३. म्हणजे एक वचन कडेवरून सरकले आहे. आपले ९:१ हे हिब्रू मोजणीत ८:२३. त्यामुळे आपले ९:२ तिकडे ९:१ होते आणि तो फरक अध्यायभर चालतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साचे वाचन यशया ९:१–६ आहे, ते आपल्या पुस्तकातले ९:२–७. त्या मुलीने सातव्या वचनापर्यंत वाचायला हवे होते, आणि हे तिला आधी कोणीतरी सांगायला हवे होते. ते काम माझे होते.

आकडे आले कुठून

हे समजले की भीती निम्मी कमी होते. ज्यांनी हे ग्रंथ लिहिले त्यांनी अध्याय-वचनांचे आकडे घातलेले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. पॅरिसमध्ये शिकवणारे आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले स्टीफन लँग्टन यांच्याकडे तिचे श्रेय जाते. ती लॅटिन बायबलवर केलेली होती. हिब्रू शास्त्रात वचन कुठे संपते याची खूण फार जुनी आहे, पण वचनांना क्रमांक देणे पुष्कळ नंतरचे. यहुदी विद्वानांनी पंधराव्या शतकात शब्दसूची करताना अध्याय स्वीकारले, तरी काही ठिकाणी अध्यायाची रेघ एक-दोन वचने अलीकडे किंवा पलीकडे पडली. नव्या कराराच्या वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या पॅरिसच्या छापखानेवाल्याचे. १५५१ साली जिनिव्हात छापलेल्या ग्रीक नव्या करारात त्याने ते घातले. पॅरिसहून लियोंला जाताना प्रवासात त्याने हे काम केले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

आपले प्रोटेस्टंट मराठी बायबल जुन्या करारात इंग्रजी बायबलची मोजणी पाळते. आजची कॅथलिक वाचनमाला बहुतेक ठिकाणी हिब्रू मोजणी धरते. म्हणून दोन मंडळ्या एकत्र आल्या की घोळ होतो. एकाच मंडळीत, एकाच आवृत्तीवर वर्षानुवर्षे वाचन चालले असेल, तर आयुष्यभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

कुठे कुठे अडते

सगळी यादी देत नाही. ज्या ठिकाणी प्रत्यक्ष अडले आहे तीच सांगते.

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, मीखा. बेथलेहेम एफ्राथाचे वचन आपल्याकडे ५:२, वाचनमालेत ५:१. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, क वर्षात (वाचनमालेचे चक्र अ, ब, क अशा तीन वर्षांचे असते), मीखा ५:१–४ असे छापलेले असते. ते आपले ५:२ पासून ५:५ च्या पहिल्या भागापर्यंत. सरळ ५:१ उघडले तर वेढा पडल्याची आणि इस्राएलाच्या न्यायाधीशाच्या गालावर काठी मारल्याची ओळ आधी येते, आणि ऐकणारे गोंधळतात.

पेन्टेकॉस्टला योएल. ‘मी मनुष्यमात्रावर आपल्या आत्म्याचा वर्षाव करीन’ हे वचन आपल्या बायबलमध्ये २:२८ ला आहे. हिब्रू मोजणीत तिथून नवा अध्याय सुरू होतो, म्हणून ते ३:१. आपल्या योएलात तीन अध्याय, तिकडे चार. प्रेषितांची कृत्ये २ मध्ये पेत्र हेच वचन सांगतो. तिथे आकड्याचा वाद नाही, म्हणून योएल सापडत नसेल तर कृत्यांतून उलट मागे जाता येते.

योना. शब्बाथ शाळेच्या परीक्षेत ‘मोठा मासा कोणत्या वचनात येतो’ असा प्रश्न एकदा होता. उत्तरपत्रिकेत १:१७ होते. एका मुलाने २:१ लिहिले आणि त्याचा गुण गेला. नंतर कळले की त्याच्या आजीकडच्या बायबलमध्ये खरोखर तसेच आहे. हिब्रूत योनाचा पहिला अध्याय १६ वचनांत संपतो आणि मासा दुसऱ्याच्या सुरुवातीला येतो. गुण परत दिला. अशा परीक्षा काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रश्न वचनाच्या आकड्यावर काढूच नका.

मलाखीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे आपल्या मातीतली एक ओळख आहे. आपल्या बायबलमध्ये मलाखीचे चार अध्याय आहेत, हिब्रूत तीनच. आपला चौथा अध्याय सहा वचनांचा, तो तिकडे ३:१९–२४. एलिया संदेष्ट्याला पाठवण्याचे वचन आपल्याकडे ४:५, तिकडे ३:२३. अलिबागकडच्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, काकांशी मी एकदा याच वचनाबद्दल बोलत होते. मी ‘मलाखी चार-पाच’ म्हणाले आणि ते शांतपणे म्हणाले, ‘आमच्याकडे चौथा अध्याय नाही, बाई.’ त्यांच्या घरी एलियाहू हनबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, नाव घेऊन मलिदा हा विधी होतो, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या एलियाहू हनबीच्या जागेला ते नेमाने जातात. पेसाहच्या (वल्हांडणाच्या) आधीच्या शब्बाथला त्यांच्याकडे मलाखी ३:४ पासून शेवटपर्यंत वाचन होते, आणि एलियाचे वचन त्यात येते. म्हणजे मराठी बोलणाऱ्या दोन घरांत तेच वचन मनापासून वाचले जाते आणि आकडा मात्र वेगळा सांगितला जातो. त्या दिवसापासून मी ‘तुमच्याकडे चुकीचे आहे’ हे वाक्य सोडून दिले.

कॅथलिक मित्रांच्या यादीत सामान्यकाळाच्या तेहतिसाव्या रविवारी, क वर्षात, ‘मलाखी ३:१९–२०’ असते. आपला तिसरा अध्याय १८ व्या वचनाला संपतो. १९ शोधत बसू नका, ४:१–२ उघडा.

स्तोत्रे: इथे दोन वेगळ्या अडचणी आहेत

लोक या दोन्ही एकत्र करतात आणि मग काहीच जुळत नाही. पहिली अडचण स्तोत्राच्या क्रमांकाची, दुसरी स्तोत्राच्या आतल्या वचनांची.

क्रमांकाची अडचण जुन्या कॅथलिक प्रार्थना-पुस्तकांत येते. सेप्टुअजिंट, म्हणजे जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर, आणि त्यावरून आलेल्या लॅटिन मोजणीत ९ आणि १० ही स्तोत्रे मिळून एकच धरली आहेत. हिब्रूत या दोन्हींत अक्षरमालेचा एकच क्रम पुढे चालतो, म्हणजे एकत्र धरण्यालाही आधार आहे. त्यामुळे तिथून पुढे जुन्या पुस्तकातला आकडा एकाने कमी असतो. मेंढपाळाचे २३ वे स्तोत्र जुन्या लॅटिन मोजणीत २२, पश्चात्तापाचे ५१ वे तिथे ५०, आणि मृतांसाठी म्हटले जाणारे ‘खोल स्थळातून’ हे १३० वे तिथे १२९. पुढे ११४ आणि ११५ पुन्हा एक होतात, ११६ चे दोन होतात, १४७ चेही दोन होतात, आणि १४८ पासून गाडी रुळावर येते. म्हणून दोन्हीकडे शेवटचा आकडा १५०. आजीच्या पेटीतल्या जुन्या पुस्तकातले स्तोत्र आपल्या बायबलमध्ये त्याच आकड्याला सापडत नसेल, तर १० ते १४६ च्या मधल्या आकड्यात आधी एक मिळवून पाहा. बहुतेक वेळा काम होते.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे, कारण स्तोत्र बरोबर सापडलेले असते आणि वचने मात्र सरकलेली असतात. स्तोत्राच्या वर लहान अक्षरात ‘मुख्य गवयासाठी, दाविदाचे स्तोत्र’ असे असते ना, ते हिब्रू मोजणीत पुष्कळ ठिकाणी पहिले वचन धरले जाते. आपल्याकडे त्याला आकडा नसतो. म्हणून २२ व्या स्तोत्राची आपल्याकडे ३१ वचने आणि तिकडे ३२. ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा टाहो आपल्याकडे पहिल्या वचनात आहे, तिकडे दुसऱ्या. जिथे शीर्षक फार लहान आहे आणि पहिल्याच वचनात सामावले आहे, तिथे काही फरक पडत नाही. २३ वे स्तोत्र दोन्हीकडे सहाच वचनांचे.

५१ व्या स्तोत्रात दोनाचा फरक पडतो, कारण नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तो सगळा प्रसंग शीर्षकात आहे आणि ते शीर्षक दोन वचनांचे. ५२, ५४ आणि ६० यांचेही तसेच. राखेच्या बुधवारी मिस्सात हे स्तोत्र ३–४, ५–६, १२–१३, १४ आणि १७ असे म्हटले जाते. आपल्या पुस्तकात ती वचने १–२, ३–४, १०–११, १२ आणि १५. ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ ही ओळ चिठ्ठीत १२ असली तरी आपल्याकडे १० आहे. एका वर्षी मी हे विसरले आणि पडद्यावर सगळी वचने दोन-दोनने पुढे गेली. ‘हे देवा, माझ्यावर कृपा कर’ ही पहिली हाकच त्यात आली नाही. पश्चात्तापाच्या स्तोत्रातून नेमकी तीच ओळ गळावी याचे मला अजून वाईट वाटते.

दानीएल ३:९१ कुठे आहे?

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात बुधवारी कॅथलिक यादीत दानीएल ३:१४–२०, ९१–९२, ९५ येते. आपला तिसरा अध्याय ३० वचनांचा. इथे आकडा सरकलेला नाही. कॅथलिक बायबलमध्ये अग्नीच्या भट्टीतल्या तिघांची प्रार्थना आणि गीत मध्ये आहे, ते ग्रीक दानीएलात आहे आणि हिब्रू-अरामी दानीएलात नाही. ते ६७ वचनांचे आहे. म्हणून ९१ मधून ६७ वजा करा, आपले २४ येते. ९२ म्हणजे २५, ९५ म्हणजे २८. नबुखद्नेस्सर चकित होऊन उठला, भट्टीत चार जण चालताना दिसले, तो भाग. मधली २४ ते ९० मागितली असतील, तर ती प्रोटेस्टंट बायबलमध्ये मिळणार नाहीत, कॅथलिक बायबलच घ्यावे लागेल. एस्तेरच्या पुस्तकातही ग्रीक भागांमुळे असेच होते.

‘वचन काढून टाकले’

हा प्रश्न आकड्यांचाच आहे, पण त्यात लोकांच्या विश्वासाला हात लागतो, म्हणून सावकाश सांगते. नव्या कराराच्या काही भाषांतरांत मत्तय १७ मध्ये २० नंतर थेट २२ येते. मत्तय १८:११, मार्क ९:४४ आणि ९:४६, लूक २३:१७, योहान ५:४, कृत्ये ८:३७ हीसुद्धा तशीच. कुठे ती कंसात असतात, कुठे तळटिपेत, कुठे नुसता आकडा गाळलेला.

एस्तिएनने १५५१ साली आकडे घातले तेव्हा त्याच्यासमोर जी ग्रीक संहिता होती तिच्यात ही वचने होती. पुढे चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस यांसारख्या जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिले, तेव्हा ही वचने त्यांतल्या दोन्हींत किंवा निदान एकात नाहीत असे दिसले. भाषांतरकारांनी मजकूर खाली नेला, पण आकडे बदलले नाहीत. बदलले असते तर चारशे वर्षांचे सगळे संदर्भ कोलमडले असते. म्हणून मध्ये खिंडार दिसते. लपवायचे असते तर पुढचे आकडे सलग करून टाकणे सोपे होते. आकड्याची रिकामी जागा हीच प्रामाणिकपणाची खूण आहे, असे मला मनापासून वाटते.

घाबरून फोन करणाऱ्यांना मी मार्क ९:२९, लूक १९:१० आणि मार्क १५:६ उघडायला सांगते. मत्तय १७:२१, मत्तय १८:११ आणि लूक २३:१७ मधला आशय तिथे आहे. मार्क ९:४४ आणि ४६ हे तर ४८ व्या वचनाचेच पुन्हा आलेले शब्द आहेत. योहान ५:४ मधला पाणी हलवणारा देवदूत आणि कृत्ये ८:३७ मधली षंढाची कबुली यांना मात्र असे दुसरे ठिकाण नाही, आणि तेही स्पष्ट सांगावे.

नव्या करारात आणखी एक ठिकाण आपल्या अगदी रोजच्या कानावरचे आहे. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात वर करून ‘प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा’ म्हणतात, ते २ करिंथ १३:१४. कॅथलिक यादीत त्रैक्याच्या रविवारी ते १३:१३ असे येते, कारण तिथे आपली १२ आणि १३ ही दोन वचने एकत्र धरली आहेत. कोणी तुमच्या मुलाला ‘हे तेरावे’ म्हणाले तर वाद नको.

आम्ही आता काय करतो

वाचनाच्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहायचा नाही, हा नियम केला आहे. पुस्तक, अध्याय, वचने, कोणत्या बायबलप्रमाणे, पहिले तीन-चार शब्द आणि शेवटचे तीन-चार शब्द, एवढे लिहायचे. संयुक्त कार्यक्रम असेल तर दोन्ही आकडे: ‘यशया ९:२–७ (कॅथलिक यादीत ९:१–६)’. आणि वाचणाऱ्याने आदल्या दिवशी त्याच पुस्तकातून मोठ्याने एकदा वाचून दाखवायचे, जे पुस्तक तो हातात घेऊन उभा राहणार आहे.

मोबाइलवर दोन बायबल शेजारी-शेजारी उघडणाऱ्यांनी सांभाळावे. काही ॲप हिब्रू मजकुराला इंग्रजी आकडे लावून दाखवतात, काही मूळ आकडे तसेच ठेवतात, आणि मग एका रकान्यात एक वचन आणि दुसऱ्यात भलतेच. भाषांतरकार जे पॅराटेक्स्ट नावाचे सॉफ्टवेअर वापरतात त्यात मूळ, इंग्रजी, सेप्टुअजिंट आणि वल्गेट (जुने लॅटिन बायबल) अशा मोजण्या वेगवेगळ्या निवडता येतात. आपल्या साध्या ॲपमध्ये ती सोय नसेल तर शेवटच्या वचनाचा आकडा ताडून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

तसाच आज्ञांचा क्रम. ‘पाचवी आज्ञा’ म्हटले की आपल्याकडे आईबापांचा मान, कॅथलिक आणि लुथरन शिकवणीत खून करू नको. मुलांना शिकवताना आज्ञेचा आकडा सांगू नका, आज्ञा सांगा.

यंदा आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच मी त्या मुलीला चिठ्ठी दिली. वर दोन्ही आकडे होते, खाली ‘अंधकारात चालणाऱ्या’ पासून सुरुवात, आणि सातवे वचन संपेपर्यंत थांबू नको असे लाल शाईने. तिने चिठ्ठी बायबलच्या त्याच पानात ठेवली आणि विचारले, ‘आणि ते जबुलून-नफताली? ते पण छान आहे. ते कधी वाचायचे?’ कॅथलिक वाचनमालेत सामान्यकाळाच्या तिसऱ्या रविवारी, अ वर्षात, यशया ८:२३–९:३ येते. आपल्या पुस्तकात ते ९:१–४. तो रविवार मी तिच्या नावावर लिहून ठेवला आहे.